उन्हाळ्याच्या अखेरची परसबाग
(इयत्ता ४ थी ते ७ वीच्या शिक्षकांसाठी समवायी पाठ)

शाळेतील बागकामाचा विषय निघाला म्हणजे बहुधा दोनच हंगाम डोळ्यांपुढे येतात. एक मृगाच्या सरींनंतरचा व दुसरा दिवाळीनंतरच्या थंडीचा. वैशाख-ज्येष्ठाचे दिवस सुटीत जातात, आणि शाळेच्या आवारातील वाफे तेवढ्या काळात उजाड होतात. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण देण्याचा जो विचार पुढे आला, त्यात बागकामास मानाचे स्थान होते. २०१९ साली केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांमुळे हा विषय पुन्हा शाळांपुढे आला. तथापि या दोन्हीही प्रसंगी नजर मुख्यत्वे शाळेच्या आवारावरच राहिली. मुलाच्या घरामागील चार हात जागेत मे महिन्यात काय घडते, याची विचारपूस सहसा होत नाही.

वास्तविक पाहता निरीक्षणाच्या दृष्टीने यासारखा दुसरा हंगाम नाही. पावसाळ्यात रोप मेले तर पाणी साचून मेले, बुरशीने मेले की गोगलगायीने खाल्ले, हे उलगडणे मोठ्यांनाही कठीण जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस कारणे थोडी असतात आणि ती उघड्यावर असतात. पाणी, ऊन, कीड आणि फुलाफुलांत परागाची ने-आण करणारे जीव, एवढ्यांचाच हिशेब ठेवावयाचा असतो. शिवाय याच दिवसांत घरातील भाजी महाग व दुर्मिळ झालेली असते, तेव्हा परसातील एका दुधीचे मोल मुलास कोणी समजावून सांगावे लागत नाही.

माणदेशातील एका प्राथमिक शाळेत पाचवीच्या वर्गशिक्षकांनी फेब्रुवारीतच मुलांना बी लावण्यास सांगितले व सुटीपूर्वी प्रत्येकास एक कोरी वही दिली. वहीत रोज लिहिण्याची सक्ती नव्हती. जे दिसेल ते तारीख घालून लिहावे, एवढीच सूचना होती. त्या वर्गातील एका मुलीची वही या पाठास आधार म्हणून घेतली आहे. तिच्या परसात दुधीचे दोन वेल, भेंडीची बारा झाडे, टोमॅटोची चार रोपे, गवारीची एक ओळ आणि भिंतीकडेला माठाचा लहानसा वाफा होता. गावास टँकरने पाणी येत होते. वहीच्या पहिल्याच पानावर तिच्या आजीचे शब्द जसेच्या तसे उतरलेले आहेत : "पाणी आधी माणसाला, मग जनावराला, मग तुझ्या येलाला."

या एका वाक्याने बागेचा सारा आराखडा ठरला. वेलास मिळावयाचे ते एकदा वापरून झालेलेच पाणी. म्हणून मुलीने न्हाणीचे व भांडी विसळल्याचे पाणी एका घमेल्यात धरण्यास आरंभ केला. येथे शिक्षकांनी दोन गोष्टी वर्गात स्पष्ट कराव्यात. कपडे धुण्याच्या सोड्याचे पाणी झाडांना घालू नये, त्याने जमीन बिघडते. आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर व कोथिंबिरीवर सांडपाणी मुळीच घालू नये. वेलांच्या व केळीच्या बुडाशी ते चालते, मात्र आळ्यात वाळू-खडीचा थर असावा.

तरीही दुधीचे वेल दुपारी माना टाकीत. मुलगी रोज दोन्ही आळ्यांत मिळून सहा लिटर पाणी ओतीत असे, आणि संध्याकाळपर्यंत वरची माती पुन्हा कोरडी होई. १३ मे रोजी तिने दोन्ही वेलांच्या मध्ये एक जुने मडके गळ्यापर्यंत पुरले, त्यात पाणी भरून तोंडावर खापरी ठेवली व भोवती पाचोळा आणि उसाचे पाचट पसरले. साध्या भाजलेल्या मडक्याच्या छिद्रांतून पाणी पाझरते ते भोवतालची माती कोरडी होईल त्या मानाने. माती ओली असेल तर पाझर मंदावतो. म्हणजे किती पाणी द्यावयाचे, हे झाडाभोवतीची मातीच ठरविते. मडके रंगविलेले किंवा झिलई दिलेले असेल तर ते निरुपयोगी होय. वहीतील नोंदीप्रमाणे सहा लिटरचे ते मडके तिसऱ्या दिवशी भरावे लागे. रोजच्या सहा लिटरऐवजी रोजचे दोन लिटर, हे गणित पाचवीच्या मुलास तोंडी करता येते. मे महिन्याच्या उरलेल्या दिवसांत किती हंडे वाचले, हा प्रश्न फळ्यावर घातला तर वर्गातील प्रत्येक मुलास हंड्याचे माप ठाऊक असते.

आता या वहीतील मुख्य भाग. दुधीस एप्रिलमध्येच फुले आली होती, परंतु ती सारी नरफुले. वेलभाज्यांत आरंभी नरफुले येतात, आणि उष्णता फार व दिवस मोठा असेल तर नरफुलांचे प्रमाण वाढते. मादीफूल ओळखणे सोपे असते, कारण त्याच्या बुडाशी बोटाएवढी दुधी आधीच दिसते. मे उजाडताच अशी मादीफुले येऊ लागली, पण बुडाची लहान दुधी पिवळी पडून गळू लागली. वर्गात परागीभवनाचा पाठ झालेला होता. मुलीने त्याप्रमाणे करून पाहिले. त्या पानावरील नोंदी अशा :

"६ मे. सकाळी नऊ वाजता पाच मादीफुलांना नरफुले शिवली.
११ मे. पाचही गळाली. शिवली तरी गळाली. का ते कळत नाही."

यातील 'का ते कळत नाही' हे शब्द शिक्षकाने लाल शाईने खोडावयाचे नसतात. संपूर्ण वहीत याहून मोलाची ओळ शोधून सापडणार नाही. पाठ्यपुस्तकात वाचले तसे केले, फळ आले नाही, आणि तसे प्रामाणिकपणे लिहिले, इतके घडले की पुढील पायरीची वाट मोकळी होते.

ती पायरी योगायोगाने आली. मडके पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी, १४ मे रोजी, दिवेलागणीच्या सुमारास मुलगी त्यातील पाणी पाहावयास गेली असता मांडवावर पांढरी फुले टवटवीत उमललेली दिसली. सकाळी तीच फुले मिटून कोमेजलेली असत. एका फुलापुढे मोठा पतंग तरंगत होता. दुधीचे फूल सायंकाळी उमलते व रात्री हिंडणारे पतंग त्याचे पराग नेतात. सकाळी नऊ वाजता जी पाच फुले शिवली, ती मावळून गेलेली होती. लाल भोपळा, काकडी व कारले यांची फुले पहाटे-सकाळी उमलतात, म्हणून पुस्तकातील 'सकाळी' ही सूचना त्यांना लागू पडते. दोडक्याचे फूल मात्र दुधीप्रमाणे सायंकाळचे, आणि त्याच्या जवळचे नातलग जे घोसाळे, ते पुन्हा सकाळचे. एकाच मांडवावर दोन वेळांची फुले असू शकतात, ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांनीही पाहिलेली नसते. ती मुलांबरोबर पाहण्यात कमीपणा नाही.

१५ ते १८ मे या चार दिवसांत मुलीने संध्याकाळी चार मादीफुले निवडली. ताजे नरफूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकविले व देठाला तांबडा दोरा बांधला. त्याच दिवसांत उमललेल्या दुसऱ्या पाच मादीफुलांस तिने हात लावला नाही. २५ मेची नोंद आहे : "दोऱ्याची चारपैकी तीन वाढली. बिनदोऱ्याची पाचपैकी एक." हे तिने आनंदाने आजीस सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, "दुध्याची फुलं सांजंला उमलत्यात हे मला कधीचंच ठावं हाय. पर तू इचारलंस कवा?" ही नोंदही वहीत आहे, आणि ती तेथेच राहावी. घरातील वडीलधाऱ्या माणसांचे ज्ञान शाळेच्या वहीत यावयाचे असेल तर मुलांना विचारावयास शिकविले पाहिजे.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांनी या पानावर एक तास घेतला. त्यांनी विचारले की, १३ तारखेस मडके पुरले व १५ पासून संध्याकाळी पराग दिले, मग दुधी धरली ती पाण्यामुळे की परागामुळे? दोन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या असता यश कोणाच्या खाती मांडावे? वर्ग काही वेळ गप्प राहिला. मग त्या मुलीनेच सांगितले की, बिनदोऱ्याची फुले त्याच वेलांवर होती, त्यांनाही तेच पाणी मिळत होते, तरी पाचपैकी एकच धरली. पाणी दोघांना सारखे, पराग मात्र एकाच गटास हाताने दिलेला. शिक्षकांनी त्यास एवढीच पुस्ती जोडली की, चार व पाच हे आकडे लहान आहेत, पुढील उन्हाळ्यात दहा मुलांनी आपापल्या वेलांवर असेच करून पाहावे. शास्त्राचा पाठ म्हणावयाचा तो हाच, आणि तो शिकविण्यासाठी दोरा व मडके यांपलीकडे साहित्य लागले नाही.

भेंडीचा प्रकार निराळा झाला. बारा झाडांपैकी सात झाडे पिवळी पडली, आणि वहीत लिहिले गेले, "ऊन लागून पिवळी झाली." हे कारण चुकीचे होते. चूक कशी ओळखावी हे वर्गात दाखविता येते. उन्हाने करपलेले पान कडेपासून तपकिरी व कोरडे होते. येथे पानाच्या शिरा पिवळ्या झाल्या होत्या, शिरांमधील भाग प्रथम हिरवाच होता, आणि रोग नव्या कोवळ्या पानांवर अधिक होता. झाड हलविले की पानाखालून बारीक पांढऱ्या माश्या उडत. या पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हा विषाणूचा रोग होय. शेतकरी त्यास केवडा अथवा हळद्या म्हणतात. एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. पहिले झाड दिसताच उपटून दूर नेले असते तर शेजारची काही वाचली असती. अशा झाडाच्या शेंगा फिकट व आखूड येतात, परंतु त्या खाण्यास अपायकारक नसतात, हेही मुलांना सांगावे, नाहीतर घरोघरी विनाकारण भीती पसरते. गेल्या शतकात 'पुसा सावनी' या वाणाने या रोगास काही काळ दाद दिली नाही, पण पुढे तोही बळी पडू लागला. त्यानंतर परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याच वाणाचा एका रानटी जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' हा वाण काढला. काळानुसार त्याचीही प्रतिकारशक्ती पुष्कळ ठिकाणी उणावली आहे. सातवीच्या वर्गास ही हकिगत अवश्य सांगावी.

टोमॅटोच्या नोंदीत "फुले येतात, फळ धरत नाही" एवढेच आहे, आणि ते अचूक आहे. दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर गेले व रात्रीही गारवा नसला की पराग निकामी होतात व फूल गळते. येथे मुलीच्या हातात काही नव्हते. सावली करून रोप जगविणे व पावसानंतर हवा थंडावण्याची वाट पाहणे, एवढेच शक्य होते. कारण कळते परंतु उपाय नसतो, अशी उदाहरणेही मुलांपुढे येऊ द्यावीत. कोथिंबीर उगवलीच नाही, कारण धणे अख्खेच व भर उन्हाच्या जागी पेरले होते. गवारीची संपूर्ण ओळ शेजारच्या शेळीने एका दुपारी फस्त केली. या अपयशास शास्त्र लागत नाही, बोरीबाभळीच्या काट्यांचे कुंपण लागते.

माठाचा वाफा तेवढा भर मेमध्येही हिरवागार राहिला व त्यातून तीन वेळा भाजी निघाली. मुलीने त्याचे श्रेय राखेला दिले होते. वस्तुतः तो वाफा घराच्या भिंतीच्या पूर्वेस होता, म्हणून दुपार कलताच भिंतीची सावली त्यावर येई. हा धागा भूगोलाशी सहज जोडता येतो. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य एके दिवशी मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सावंतवाडीकडे हा दिवस मेच्या प्रारंभी, पुण्याकडे मध्यास आणि धुळे-जळगावकडे २५ तारखेच्या आसपास येतो. त्या सुमारास भरदुपारी कोणतीच भिंत सावली देत नाही. त्या घटकेस रोपास वरून मांडवाचीच सावली हवी, आणि भिंतीची सावली उपयोगी पडते ती सकाळी पश्चिमेस व दुपारनंतर पूर्वेस. सुटीत काठीची सावली मोजण्याचे काम दिले असल्यास मुले वाफ्याची जागा स्वतःच ठरवू शकतील.

येथवर बागेची हकिगत झाली. शाळेत पुढे जे घडले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. जूनच्या अखेरीस शाळेत वह्यांचे प्रदर्शन भरावयाचे होते. काही वह्यांतून 'मेले', 'गळाले', 'शेळीने खाल्ले' असे शब्द वारंवार येतात, ते पाहुण्यांस बरे दिसणार नाहीत, तरी मुलांकडून स्वच्छ अक्षरात नव्या वह्या लिहवून घ्याव्यात, असे सुचविले गेले. सूचनेमागील हेतू वाईट नव्हता. शाळेची शोभा व्हावी असे कोणास वाटणार नाही? परंतु वर्गशिक्षकांनी ती मानली नाही. नव्या वहीत पाच गळालेल्या दुधींची ओळ आली नसती, आणि ती नसती तर तांबड्या दोऱ्याच्या तीन दुधींना काही अर्थ उरला नसता. शेवटी मातीचे डाग पडलेल्या मूळ वह्याच मांडण्यात आल्या. पाहुण्यांतील एका वृद्ध शेतकऱ्याने भेंडीच्या पानावर बोट ठेवून, हे ऊन नव्हे, हा केवडा आहे, असे मुलीस समजावून सांगितले. चूक लिहिलेली होती म्हणूनच ती दुरुस्त करणारा भेटला.

ज्या शिक्षकांस असा उपक्रम घ्यावयाचा असेल त्यांनी वहीत तीन रकाने आखून द्यावेत : काय दिसले, कारण काय वाटते, ते कशावरून. पहिला रकाना चौथीचे मूलही भरते. दुसऱ्यात प्रायः मोठ्यांचे ऐकीव मत उतरते. तिसरा बहुधा कोरा राहतो, आणि शिक्षकाचे खरे काम तेथेच सुरू होते. "ऊन लागून पिवळी झाली" यापुढे "ते कशावरून?" असे विचारले असते तर मुलीने सावलीतील व उन्हातील झाडे ताडून पाहिली असती, आणि दोन्हीकडे पिवळेपण सारखेच आढळून तिचे तिलाच उत्तर मिळाले असते. शाळा जूनच्या मध्यास (विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी) उघडतात. पहिल्या आठवड्यात पुस्तके वाटण्याच्या धांदलीतून दोन तास या वह्यांसाठी राखून ठेवावेत. पाऊस पडला की परसाचे रूप पालटते आणि मेलेल्या झाडाच्या खुणाही जातात.

गुणदानाविषयी एक गोष्ट स्पष्टच सांगणे इष्ट होय. किती किलो भाजी निघाली यावर गुण देऊ नयेत. ज्याच्या दारी विहीर आहे त्याची बाग फुलणारच, आणि ज्या घरी टँकरची वाट पाहावी लागते तेथील मूल कितीही झटले तरी मागे पडणार. वजनावर गुण दिले तर ते विहिरीस दिल्यासारखे होतील. काही घरांत परसच नसते. अशा मुलांनी डब्यात एखादे रोप लावले किंवा शेजाऱ्याच्या वेलाची नोंद ठेवली तरी चालेल. पाण्याची फारच टंचाई असेल तेथे नवे काही न लावता, आहे त्या शेवग्याचे अथवा आळूचे निरीक्षणच पुरेसे समजावे. पाण्यावरून मुलाचे घरी भांडण होईल असा कोणताही उपक्रम शाळेने देऊ नये.

त्या मुलीच्या तीन दुधींपैकी एक, २७ मेच्या वळवात मांडवाचा कोपरा कोसळल्याने देठापासून तुटली. दुसरी महिनाअखेरीस घरात शिजली. तिसरी आजीच्या सांगण्यावरून बियाण्यासाठी वेलावरच राखली. ती कठीण होऊन श्रावणात वाळली व हलविली असता आतून वाजू लागली, तेव्हा ती शाळेत आणून वर्गासमोर फोडण्यात आली. बिया दोनशेच्या वर निघाल्या. बी घरचे जुने होते, संकरित पाकिटातील नव्हते, म्हणून ते पुन्हा लावण्यास योग्य होते. मात्र गावात इतरत्र वेगळ्या जातीची दुधी असल्यास पतंगांनी तिचे परागही आणले असण्याचा संभव होता, हे मुलांना सांगण्यात आले. प्रत्येकास पाच बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या. पुडीवर मुलीने लिहिले होते : "फुले संध्याकाळी पाहा."